पीएस४ वरून उडी मारावी का? (टीव्ही जुनाच आहे, साडू दुबईत आहे)

रात्रपाळी | १४ जून २०२५, रात्री ११:५२

मंडळी, दोन महिने डोक्यात किडा वळवळतोय तो एकदाचा इथे सोडतो. माझ्याकडे पीएस४ (सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, प्लेस्टेशन ४) स्लिम आहे, २०१८ चा, ५०० जीबीवाला. लग्नानंतर फक्त स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती पहिली महागडी वस्तू, त्यामुळे जीव आहे त्याच्यावर. चालतो अजून व्यवस्थित, आवाज करतो थोडा, पण उठता-बसता आवाज मी पण करतोच आता.

तर झालंय असं की ऑफिसातली आमची चौघांची एफसीची (फुटबॉलचा गेम) गँग होती, शुक्रवारी रात्री ऑनलाइन बसायचो. त्यातले तिघं एकेक करून पीएस५ वर गेले. आणि एफसीत क्रॉसप्ले आहे ते पिढीतल्या पिढीत, म्हणजे पीएस५ वाला एक्सबॉक्स सिरीजवाल्याशी खेळेल, पीसीवाल्याशी खेळेल पण पीएस४ वाल्याशी नाही. थोडक्यात मला वाळीत टाकलंय. दुसरं म्हणजे जीटीए ६ हा गेम, त्याची तारीख आता २६ मे २०२६ सांगतायत आणि पीएस४ वर तो येणारच नाहीये.

आता अडचण अशी की टीव्ही ४३ इंची साधा फुल एचडी, २०१७ चा. डिस्क आहेत २६. खेळायला मिळतात रात्रीचे साडेदहा ते बारा, तेही लेक (वय ९) वेळेवर झोपली तर. पीएस५ स्लिम डिस्कवाला ५४,९९० ला आहे, डिजिटल (डिस्क न चालणारा) त्याहून स्वस्त. आणि वर साडू दुबईत असतो, तो म्हणतो येताना पीएस५ प्रो आणतो, घ्यायचंच तर वरचं घे. बायकोचा प्रश्न एकच, "जुना बिघडलाय का?" आणि ह्याचं प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही.

सांगा काय करू.

निवांत_आप्पा | १५ जून २०२५, सकाळी ७:१०

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

फ्रेममोजणी | १५ जून २०२५, सकाळी ९:३४

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ ती म्हणजे टेराफ्लॉप, ग्राफिक्स चिपच्या ताकदीचा आकडा. दुकानदार आणि यूट्यूबवाले तेच घोकत असतात, पीएस४ चे १.८४, पीएस५ चे १०.२८, प्रोचे १६.७, म्हणजे प्रो नऊपट भारी वगैरे. वेगवेगळ्या पिढीचे टेराफ्लॉप असे ताजव्यात घालत नाहीत. तुझ्या पीएस४ मध्ये खरा रडका भाग ग्राफिक्स नाहीच, प्रोसेसर आहे. त्यातले जॅग्वार कोर १.६ गिगाहर्ट्झचे, २०१३ मध्ये मशीन आलं तेव्हाही ते स्वस्तातल्या लॅपटॉपच्या जातीचे होते. आणि दुसरं दुखणं हार्डडिस्क. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला शंभरेक एमबी दिली तरी उपकार करते, पीएस५ ची एसएसडी साडेपाच हजार एमबी वाचते. फरक कळतो तो तिथे. कंट्रोलर हातात घेऊन चहा संपेपर्यंत लोडिंग बघत बसायचं, ते गेलं. प्रोसेसर पण झेन २, ३.५ गिगाहर्ट्झचा, म्हणून जे गेम तुझ्याकडे सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) खुरडत चालतात ते तिथे ६० वर.

आणि हे ६० फ्रेम बघायला फोरके टीव्ही लागत नाही बरं का. तुझा २०१७ चा फुल एचडी टीव्ही पण ६० हर्ट्झचाच आहे. लोक म्हणतात जुन्या टीव्हीवर पीएस५ म्हणजे पैसे पाण्यात, तर तसं काही नाही. फोरकेची धार दिसणार नाही, एचडीआर मिळणार नाही, पण गुळगुळीतपणा पुरेपूर मिळेल. नऊ-दहा फुटांवर सोफा असेल तर ४३ इंचात फोरके आणि फुल एचडी मधला फरक डोळ्याला तसाही लागत नाही.

प्रो मात्र ह्या टीव्हीला लावणं म्हणजे मारुती ८०० ला रेसिंगचे टायर. सोनीच्या मार्क सर्नीने (पीएस५ चा मुख्य रचनाकार) सप्टेंबर २०२४ मध्ये प्रो दाखवला तेव्हा त्याचं सगळं म्हणणं हेच होतं की साधारण तीन चतुर्थांश वेळा खेळाडू फिडेलिटी मोड (जास्त धार, कमी फ्रेम) सोडून परफॉर्मन्स मोड (जास्त फ्रेम) निवडतात, तर ती निवडच करावी लागू नये, फोरकेची धार आणि ६० फ्रेम दोन्ही एकदम मिळावं. तुझ्याकडे फोरकेच नाही, तर प्रश्नच मिटला.

डिस्कवाली_काकू | १५ जून २०२५, दुपारी १२:२०

फ्रेममोजणी +१. आणि प्रोला डिस्क ड्राइव्ह येतच नाही हे कोणी सांगणार आहे का त्याला? २६ डिस्क काय भिंतीला लावायच्या? ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, अमेरिकेत ८० डॉलरला आहे, इथे मिळाला तर नशीब. डिजिटल पीएस५ घेतला तरी तेच रडगाणं. नवीन स्लिम डिजिटलला नंतर ड्राइव्ह जोडता येतो हे खरं, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं आणि मुळात थोडे पैसे वाचवून नंतर ड्राइव्ह शोधत फिरायचं, कशाला?

डिस्कवाल्या पीएस५ वर पीएस४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क चालतात. पीएस३ च्या नाही. आणि डिस्कचा खरा फायदा म्हणजे मी गेम संपवते आणि विकते किंवा शेजारच्या पोराला देऊन त्याचा घेते. डिजिटलवाले ५००० चा गेम घेऊन जन्मभर सांभाळतात.

साडेसाती_एफपीएस | १५ जून २०२५, दुपारी १:०५

पीसी घे.

रात्रपाळी | १५ जून २०२५, दुपारी १:०९

आलाच का. कालपासून वाटच बघत होतो कोणीतरी म्हणेल म्हणून. नको बाबा, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतो, रात्री परत ड्रायव्हर अपडेट करत बसायची ताकद नाही.

देरा_दुबईकर | १५ जून २०२५, दुपारी ३:४८

साडू लोकांच्या वतीने थोडं बोलतो कारण दर सुट्टीला मला असली एक यादी येतेच. आयफोन, अत्तर, आणि आता प्रो.

आधी हिशोब. प्रोची अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर, ८५-८६ च्या भावाने साठ हजाराच्या आसपास. इकडून येताना माणशी ५०,००० पर्यंतचं सामान ड्युटी न भरता आणता येतं, त्याच्या वर जेवढं जाईल त्यावर ३८.५ टक्के. आता साडू काय फक्त तुझा डबा घेऊन येणार का, त्याच्या पोरांची खेळणी, चॉकलेटं, बायकोचं सामान सगळं त्याच ५०,००० मध्ये मोजलं जातं. लॅपटॉपला वेगळी सूट आहे, कन्सोलला नाही. ग्रीन चॅनलमधून निघून जाऊ म्हणणारे खूप असतात, पण एवढा मोठा खोका स्कॅनरमध्ये लपत नाही हे मी एकदा अनुभवलंय (पीएस५ नव्हता, दुसरं काहीतरी होतं, जाऊ दे).

दुसरं, वॉरंटी इथली इथेच. भारतात बिघडला तर परत साडूच्या बॅगेत. आणि साडूकडून आणलेल्या वस्तूचं ओझं वेगळंच असतं, पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकायला लागतं, "आपला गेम कसा चाललाय?"

तारेवरचा_तारा | १५ जून २०२५, संध्याकाळी ६:३०

प्रो भारतात अधिकृत का नाही ह्याचं कारण इथे बऱ्याच लोकांना माहीत नसावं, मजेशीर आहे म्हणून लिहितो. गेमशी काही संबंधच नाही, वायफायचा घोळ आहे. प्रोमध्ये वायफाय ७ आहे आणि ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं. हा पट्टा आपल्याकडे बिनपरवाना वापरायला अजून मोकळा केलेला नाही. सोनीनेच २०२४ मध्ये सांगितलं की ज्या देशांत हा पट्टा खुला नाही तिथे प्रो विकणार नाही, आणि त्यात भारताचं नाव घेऊन सांगितलं. मोबाइल कंपन्यांना तो पट्टा ५जी-६जी साठी हवा, वायफायवाल्यांना वायफायसाठी, ही भांडणं कित्येक वर्षं चालू आहेत. गेल्या महिन्यात दूरसंचार खात्याने खालच्या अर्ध्या भागासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, मसुदा नियम काढलेत. मसुदा म्हणजे मसुदाच.

आणलेला प्रो इथे चालत नाही असं अजिबात नाही, लॅन केबल लावा नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर चालवा, चालतो. पण एवढा खर्च करून वर ग्रे मार्केटचा डबा घरात, मला तरी झोप लागणार नाही.

अकोला_४६_अंश | १५ जून २०२५, रात्री ९:१५

राजेहो, तुमी सगळे टेराफ्लॉप अन् वायफाय घेऊन बसले, धुळीचं कोणी बोलतच नाही. आमच्याकडं मे महिन्यात पीएस४ चालू केला का घरघंटी लावल्यावानी आवाज. बायको आतून इचारते पीठ दळून राह्यले का. मी शेवटी उघडला, पंख्यात हे एवढी लोकर निघाली, पाच वर्षांची. साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, आता चुपचाप हाय. तं भाऊ पह्यले तुमचा डबा उघडून साफ करा, ५५ हजार लय नंतरची गोष्ट हाय.

अन् पीएस५ गेम चालू असला का २०० वॉटच्या आसपास खाते, स्लिम पीएस४ च्या दुप्पट-अडीचपट. बिलात लय फरक नाही पडत दीड तासाच्या खेळात, पण लाइट जात असन तुमच्याकडं तं चांगला यूपीएस लागन, राउटरवाला नाही चालत. माझ्या भावाचा लाइट आली-गेली, आली-गेली करता करता पोर्टच उडाला, अन् दुरुस्तीवाल्यानं तीन महिने फिरवला त्याले.

फ्रेममोजणी | १५ जून २०२५, रात्री ९:४०

अकोलाभाऊंच्या मुद्द्याला जोडून, सर्वात स्वस्त अपग्रेड कोणी सांगितलंच नाही. पीएस४ स्लिममधली हार्डडिस्क मागचं झाकण सरकवून एका स्क्रूवर बाहेर येते, तिथे अडीच इंची साधी साटा एसएसडी बसते. पीएस५ सारखी जादू होणार नाही पण लोडिंग चांगलंच कमी होतं आणि मेनूतलं रेंगाळणं जातं. अर्धा तासाचं काम आहे. सेव्ह फाइली (गेममधली साठवलेली प्रगती) आधी पेनड्राइव्हवर घे आणि सिस्टिम सॉफ्टवेअर पूर्णवालं उतरव, अपडेटवालं नाही, इथे सगळे चुकतात.

मधली_वेलांटी | १६ जून २०२५, सकाळी १०:०२

मला ह्या धाग्यात एक गंमत दिसतेय. प्रत्येकजण मशीनबद्दल बोलतोय, काय खेळायचंय ते कोणीच विचारत नाहीये. रात्रपाळी, २६ पैकी संपवलेल्या किती?

रात्रपाळी | १६ जून २०२५, सकाळी १०:३०

हा प्रश्न वैयक्तिक आहे.

(९. विचर ३ तर तीन वेळा सुरू केलाय.)

मधली_वेलांटी | १६ जून २०२५, सकाळी ११:१५

वाटलंच. रागवू नका, माझंही तसंच आहे.

हे बघा, पीएस५ येऊन साडेचार वर्षं झाली (आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० ला, आणि प्रीऑर्डर मिनिटांत संपायच्या ते आठवत असेल). एवढ्या काळात फक्त पीएस५ वरच असलेले, आणि तुम्हाला खरोखर हवे असलेले, गेम मोजा. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७, एल्डन रिंग हे सगळे पीएस४ वर आहेत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी म्हणूनच घेतला नाही. पण २०२३ पासून चित्र पालटलं हे पण खरं. स्पायडर-मॅन २, बॉल्डर्स गेट ३, ब्लॅक मिथ वुकाँग, ॲस्ट्रो बॉट, ह्यातलं काहीच पीएस४ वर नाही. ऑक्टोबरमध्ये घोस्ट ऑफ योटेई येतोय तोही नाही. सायबरपंक पीएस४ वर कसा होता ते आठवा, डिसेंबर २०२० मध्ये सोनीने तो स्टोअरवरून चक्क काढून टाकला होता सहा महिने. जुन्या प्रोसेसरवर मोठा गेम कोंबला की काय होतं त्याचा तो नमुना.

माझं स्वतःचं कारण ह्यातलं एकही नव्हतं. मी आणि नवरा सोफ्यावर बसून इट टेक्स टू खेळलो पीएस४ वर, भांडणं झाली, मजा आली. मग त्याच लोकांचा स्प्लिट फिक्शन मार्चमध्ये आला तो पीएस४ वर नाहीच. त्या एका गेमसाठी घेतला. ५५ हजारांचा एक गेम म्हणा. पण मला माहीत होतं मी काय घेतेय.

तुमची लेक ९ वर्षांची आहे ना? पीएस५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम फुकट आधीच भरलेला येतो. तिला तो एकदा दाखवलात की पुढे मशीन तुमचं राहील का एवढाच विचार करा.

निवांत_आप्पा | १६ जून २०२५, दुपारी २:४४

आलो. आमच्या वेळी (हो, सुरू झालो) पिवळ्या कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले असायचे आणि आत निघायचे सात, तेच परत परत वेगवेगळ्या नावाने. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. तासाला पाच रुपये देऊन पार्लरमध्ये उभं राहून काँट्रा खेळलोय, तीन लाइफमध्ये संपवायला अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली. अपग्रेड म्हणजे शेजारच्याकडे दुसरी कॅसेट आली का एवढंच.

अवांतर थांबवतो. गँगसाठी घेत असशील तर एक साधा उपाय आहे, पीएस५ वर एफसीची पीएस४ आवृत्ती पण चालते. तिघांना सांग एक दिवस ती उतरवून घ्या.

रात्रपाळी | १६ जून २०२५, दुपारी ३:०१

विचारलं होतं आप्पा. हसले.

डिस्कवाली_काकू | १६ जून २०२५, दुपारी ३:२०

असले मित्र काय कामाचे. (ह.घ्या.)

एक महत्त्वाचं राहिलं, प्लसवाल्यांनी (सोनीची प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरणाऱ्यांनी) ऐका. सोनीने जानेवारीतच जाहीर केलंय की जानेवारी २०२६ पासून प्लसच्या महिन्याच्या फुकट गेममध्ये पीएस४ चे गेम हा मुख्य भाग राहणार नाही. म्हणजे पीएस४ वर प्लसचं वर्षाचं पॅक आत्ता भरू नका.

आणि पीएस५ घेतलात तर पीएस४ लगेच ओएलएक्सवर टाकू नका. काही गेमचे सेव्ह पीएस४ वरच्या गेमच्या मेनूतूनच वर चढवावे लागतात, मगच पीएस५ आवृत्तीत उतरतात. माझ्या भाच्याने आधी विकला आणि दीडशे तास गेले त्याचे.

फ्रेममोजणी | १६ जून २०२५, दुपारी ४:१२

एल्डन रिंगवाल्यांसाठी एक गुपित, पीएस५ वर पीएस५ आवृत्ती न टाकता पीएस४ आवृत्ती टाका. ६० फ्रेम जास्त स्थिर मिळतात. उलटं वाटतं पण तसंच आहे, ग्राफिक्स जरा हलकं असल्यामुळे.

विचर ३ ला डिसेंबर २०२२ मध्ये पीएस५ साठी फुकट अपडेट आलंय, चौथ्यांदा सुरू करायला हरकत नाही.

रात्रपाळी | २९ जून २०२५, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. प्रोचा विषय संपला, साडूला प्रेमाने नाही म्हटलं, त्याने आता एअर फ्रायर आणायचं ठरवलंय. आज पीएस४ उघडला. धूळ पाहून अकोलाभाऊंची आठवण आली. ५०० जीबीची एसएसडी टाकली. (पूर्ण सॉफ्टवेअर नाही, अपडेटवालंच उतरवलं होतं आधी. सांगूनही.) आता बराच शांत आहे. दिवाळीपर्यंत थांबतो, सेलमध्ये पाच हजार तरी उतरतात म्हणे.

अकोला_४६_अंश | ३० जून २०२५, सकाळी ८:०५

पाहा, म्हटलं होतं ना.

मधली_वेलांटी | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. रात्रपाळी, दिवाळी होऊन गेली. काय झालं? इकडे जीटीए ६ परत पुढे ढकलला, आता १९ नोव्हेंबर २०२६.

रात्रपाळी | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री १२:१४

घेतला. स्लिम, डिस्कवाला, सेलमध्ये ४९,९९० ला. बायकोने तोच प्रश्न परत विचारला, मी म्हटलं नाही, बिघडला नाही, मला हवाय. ती म्हणाली मग आधीच असं सांगायचं ना, जून महिन्यापासून बहाणे कसले शोधतोस.

टीव्ही तोच आहे. फरक दिसतो, फ्रेममोजणी म्हणाले तसाच, लोडिंग आणि गुळगुळीतपणा. ग्राफिक्स बघून आ वासला वगैरे काही झालं नाही. जागा १ टीबी लिहिलंय, वापरायला साडेआठशे जीबीच्या आतच मिळते, चार-पाच मोठे गेम टाकले की पाहुणे आल्यासारखं होतं. पुढे कधीतरी एम.२ एसएसडी टाकेन, हीटसिंकवाली.

प्लेरूमबद्दल वेलांटीताई तुम्ही बजावलं होतं, मी ऐकलं नाही. लेकीने दोन दिवसांत संपवला आणि आता ॲस्ट्रो बॉट चालू आहे, मला "बाबा तू नको, तू पडतोस" म्हणून बाजूला बसवते. तिची शाळेची वेळ सोडून मशीन तिचंच.

मी रात्री खेळतो तो ब्लडबोर्न. डिस्क नंबर १०. २०१५ चा गेम, पीएस५ वर पण ३० फ्रेमलाच बांधलेला आहे, एक फ्रेम वाढत नाही.

फ्रेममोजणी | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:००

तू मुद्दाम करतोयस.

निवांत_आप्पा | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:४१

आणि गँग? शुक्रवार परत सुरू झाले की नाही?

रात्रपाळी | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:०८

पहिल्याच शुक्रवारी हेडफोन लावून बसलो. तिघंही सप्टेंबरमध्ये एफसी २६ वर गेलेत. माझ्याकडे २५ आहे.